पाच लिटरांत आंघोळ आणि कोरडे कपडे: व्हॅनमधल्या मुक्कामाची स्वच्छता, पायरीपायरीने

व्हॅनमध्ये गादी टाकून कोकणात निघालेली मंडळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी लॉज शोधायला लागतात. विचारलं तर म्हणतात, आंघोळीचे हाल होतात. पण त्यांच्या गाडीत डोकावलं की सीटच्या पाठीवर जाड ओला टॉवेल असतो, कोपऱ्यात पिशवीत कोंबलेले दमट कपडे असतात आणि दार उघडताच कुबट वास येतो. आंघोळ रोज झालेली असते, वाळवण मात्र एकदाही नीट झालेलं नसतं.

पनवेल ते गोवा या रस्त्यावर आम्ही दोघं ईकोतून अनेकदा राहिलो आहोत, उन्हाळ्यात आणि पावसातही. खालचा क्रम त्याच अनुभवातून बसलेला आहे. दोन माणसं, साधी गाडी, आत न्हाणीघर नाही आणि खिशाला झेपेल असा खर्च, हे गृहीत धरलं आहे. क्रम बदलू नका. बहुतेक चुका सामानात होत नाहीत, क्रमात होतात.

## १. निघण्यापूर्वी: सामान जमवणं

यादी छोटी आहे आणि त्यातलं निम्मं घरात सापडतं.

- वापरायच्या पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन आणि पिण्याच्या पाण्याचा वेगळा जार. रंग वेगळे घ्या, म्हणजे अंधारातही चूक होणार नाही.
- तळाला तोटी असलेला ५ लिटरचा छोटा कॅन. हेच तुमचं बेसिन.
- उभं राहता येईल असा पसरट प्लास्टिकचा टब.
- बागेला पाणी मारायचा, हाताने हवा भरायचा ५ लिटरचा फवारा. नसेल तर पाव लिटरचा छोटा तांब्या. मोठा मग नको.
- घट्ट झाकणाचा १० लिटरचा ड्रम, कपडे धुण्यासाठी.
- सांडपाण्यासाठी जुना कॅन, नरसाळं, दोरी, चिमटे.
- माणशी तीन पंचे.

पंच्यावर अडून बसतो, कारण त्यातच निम्मं काम आहे. टर्किश टॉवेल अंग छान पुसतो, पण दमट हवेत दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो. पातळ सुती पंचा पिळून वाऱ्यावर टाकला की कोरड्या दिवशी तासा-दीड तासात वाळतो. एक अंग पुसायला, एक साबण चोळायला, एक कोरडा राखीव. घरातले जाड टॉवेल घरीच ठेवा.

सावधान: फवारा नवाच घ्या. शेतात किंवा बागेत औषध मारायला वापरलेला फवारा कितीही धुतला तरी अंगावर वापरू नका.

आमचा हा सगळा संच, कॅन धरून, दोन हजारांच्या आत झाला. बॅटरीवर चालणारा शॉवर, पाणी तापवायचं यंत्र वगैरे पहिल्या प्रवासाआधी घेऊ नका. चार दिवस राहून बघा, मग गरज आहे का ते तुम्हालाच कळेल.

## २. पाण्याचा हिशेब

माणशी रोज लागतं ते असं: आंघोळ ५ लिटर, हात-तोंड-दात २, शौचाला २, भांडी २. म्हणजे ११ लिटर. दोघांचे २२. दोन कॅन मिळून ४० लिटर, म्हणजे पावणेदोन दिवसांचा साठा. पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि कपडे धुण्याचं पाणी यात धरलेलं नाही. पिण्या-स्वयंपाकाला दोघांत रोज आठेक लिटर लागतात.

यावरून नियम निघतो: रोज निदान एक कॅन भरायचाच, दुसरा अजून भरलेला असला तरीही. दोन्ही रिकामे झाल्यावर पाणी शोधायला निघालात की संध्याकाळ त्यातच जाते.

जास्त पाणी न्यावं असं वाटेल. पण एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटर भरले की एक वजनदार माणूस जादा बसवून तुम्ही घाट चढताय. शिवाय पाणी भरपूर असलं की हात सैल सुटतो.

पाणी कुठे मिळतं? पेट्रोल पंपावर शौचालय, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा मोफत देणं पंपचालकाला बंधनकारक आहे. मात्र वीस-वीस लिटरचे कॅन भरणं हा आपला हक्क नाही, ती विनंती आहे. आधी इंधन भरा, मग विचारा: "दादा, वापरायचं पाणी एक कॅन भरून घेऊ का?" नाही म्हणाले तर पुढच्या पंपावर. देवळाच्या आवारातही विचारता येतं, पण एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या अनेक वाड्यांना टँकरने पाणी येतं. अशा गावात वापराचं पाणी मागू नका.

तपासा: कॅनमध्ये नाक घालून वास घ्या. शेवाळी वास आला तर २० लिटर पाण्यात सुगंध न घातलेलं, ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (द्रव ब्लीच) ४ चमचे, म्हणजे २० मिलि, घालून तीन-चार तास ठेवा. ओतून द्या, दोनदा खळबळा आणि झाकण उघडं ठेवून वाळवा. तुरटी फिरवून गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. गढूळ पाणी निवळलं म्हणून पिऊ नका, आधी उकळा.

## ३. जागा आणि वेळ ठरवणं

इथे माझं मत घरच्या सवयीच्या उलट आहे. व्हॅनमध्ये सकाळी आंघोळ करू नका, दुपारी चार-साडेचारला करा.

दिवसभराचा घाम, मीठ आणि धूळ घेऊन तुम्ही रात्री गादीवर पडलात की ते सगळं चादरीत उतरतं, आणि चादर हा गाडीतला धुवायला सर्वांत कठीण कपडा. संध्याकाळी आंघोळ केली तर गादी आठ दिवस स्वच्छ राहते. पण अंधार पडल्यावर केली तर ओले पंचे रात्रभर गाडीतच राहतात. म्हणून ऊन शिल्लक असताना करायची, पंचे बाहेर टाकायचे आणि सूर्य मावळायच्या आत गाडीत घ्यायचे. सकाळी फक्त तोंड, हात-पाय आणि काखा पुसून घ्या, अर्ध्या लिटरात होतं.

जागा निवडताना ओढा, नदी, विहीर, तळं यांपासून निदान साठ-सत्तर मीटर, म्हणजे शंभर पावलं लांब राहा. ही अट आम्हाला एका प्रसंगाने शिकवली. गुहागरच्या बाजूला एका पऱ्ह्याकाठी, म्हणजे छोट्या ओढ्याकाठी, आम्ही टब मांडला, आंघोळ केली आणि साबणाचं पाणी तिथेच ओतलं. थोड्या वेळाने हातात रिकामी कळशी घेऊन एक आजी वर आल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "खाली आमच्या वाडीतल्या बायका पाणी भरतात हो." आम्ही खाली जाऊन पाहिलं. तीस-चाळीस पावलांवर दगड रचून केलेला डोह होता, काठावर दोन हंडे ठेवलेले होते आणि पाण्यावर आमचा फेस तरंगत होता. त्या दिवसापासून आमचं सांडपाणी कॅनमध्येच जातं.

‘जैविक’ किंवा ‘हर्बल’ लिहिलेला साबणही वाहत्या पाण्यात चालत नाही. रिठा-शिकेकाईसुद्धा नाही. रिठ्याच्या फेसाने मासे मरतात.

## ४. पाच लिटरांत आंघोळ

ईकोसारख्या गाडीचं मागचं दार वर उघडतं. त्या दाराच्या कडेला जुनी गडद चादर चिमट्यांनी तीन बाजूंनी लावा. खाली टब ठेवा, कोरडा पंचा आणि बदलायचे कपडे गाडीच्या आत हाताशी ठेवा. ओल्या अंगाने कपडे शोधत गाडीत चढलात की गादीवर पहिलं पाणी तिथेच सांडतं.

पाणी गरम हवं असेल तर साधं गणित: एक लिटर उकळतं आणि चार लिटर साधं पाणी मिळून पाच लिटर छान कोमट होतं. साधं पाणी २५ अंशांचं असेल तर मिश्रण ४० अंशांवर येतं. उन्हाळ्यात याचीही गरज नाही, कॅन दुपारी उन्हात ठेवला की पुरे.

सावधान: शेगडी बंद गाडीत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आणि पंपाच्या आवारात शेगडी कुठेही पेटवायची नाही, गाडीच्या बाहेरही नाही. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाकाला बंदी आहे, तिथे पाणी तापवायलाही चूल मांडू नका.

आता क्रम.

१. टबात उभे राहा. एक लिटरात सगळं अंग ओलं करा, डोक्यावरून खाली. मग पाणी बंद.

२. ओल्या पंच्याला साबण लावा आणि चोळा. साबण सगळ्या अंगाला लागत नाही. काखा, जांघा, मांड्यांमधला भाग, पाय आणि मान, एवढ्यालाच लावा. पाठ, पोट, हात नुसत्या ओल्या पंच्याने चोळले की स्वच्छ होतात. साबण जितका कमी तितकं खळबळायला पाणी कमी. लोक इथेच चुकतात, घरच्यासारखा फेस करतात आणि मग दहा लिटरांतही चिकटपणा जात नाही.

३. तीन लिटरात खळबळा. वरून सुरू करा आणि एका हाताने अंगावरून पाणी खाली निपटत जा.

४. उरलेला एक लिटर पायांना. बोटांच्या मधे बोट घालून धुवा.

५. टबातच उभं राहून अंग पुसा. शेवटी पायाची बोटं आणि जांघा कोरड्या पंच्याने पुन्हा पुसा. मग दोन मिनिटं तसेच वाऱ्यावर थांबा, लगेच कपडे चढवू नका.

६. साबणाचा पंचा शेवटच्या पाण्यातच पिळून घ्या. टबातलं पाणी नरसाळ्याने सांडपाण्याच्या कॅनमध्ये.

लांब केस असतील तर रोज धुवायचा हट्ट सोडा. आठवड्यातून दोनदा, वेगळे चार लिटर घेऊन, आणि शक्यतो सकाळी ऊन वर आल्यावर. ओल्या केसांनी झोपलात की उशी कुबट होते आणि तो वास प्रवास संपेपर्यंत जात नाही.

समुद्रात डुंबून आलात तर गोड्या पाण्याने लगेच अंग धुवा, दोन लिटर पुरतात. मीठ अंगावर वाळलं की जांघा सोलवटतात. गणपतीपुळे, तारकर्ली, मालवणसारख्या गर्दीच्या किनाऱ्यांवर बादलीभर गोडं पाणी पैसे देऊन मिळतं. तिथे ते घ्या, आपला कॅन राखून ठेवा.

तपासा: आंघोळीनंतर तासाभराने पायाच्या बोटांमधे हात लावून पाहा. ओलसर लागलं तर पुसणं चुकतंय.

## ५. वाळवणं

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या.

पंचा बाहेर टाकण्यापूर्वी दोनदा पिळायचा. एकदा हाताने. मग राखीव कोरड्या पंच्यावर ओला पसरायचा, दोन्हींची एकत्र गुंडाळी करायची आणि दोन माणसांनी दोन टोकं धरून उलटसुलट पिळ द्यायचा. बरंच पाणी कोरड्या पंच्यात उतरतं. अंतर्वस्त्रं आणि मोजेही असेच. हे एक मिनिटाचं काम वाळायचा वेळ निम्म्यावर आणतं.

दोरी गाडीच्या छताच्या कडीपासून झाडापर्यंत बांधा. कपड्यांमधे वीतभर अंतर ठेवा, एकावर एक टाकलेले कपडे वाळत नाहीत. सूर्यास्ताच्या आत सगळं आत. कोकणात रात्री दव पडतं आणि वाळलेला कपडा पुन्हा ओला होतो.

रात्री दोन खिडक्या तिरक्या उघड्या ठेवा, एक पुढची डावीकडची आणि एक मागची उजवीकडची, दोन-तीन बोटं. डासांसाठी जाळी लावा. दोन माणसांच्या श्वासानेच रात्रभरात काचा ओल्या होतात. ते पाणी गादीत मुरतं. सकाळी उठल्याउठल्या काचा पुसा आणि गादी उभी करा. गादीखालची फळी हाताने चाचपा, थंड ओलसर लागली तर अर्धा तास उघडी ठेवा.

पावसाळ्यात यातलं निम्मं चालत नाही. आंबोलीत जुलैमध्ये कपडा तीन दिवसांत वाळत नाही. तेव्हा सुती कपडे कमी आणि पातळ कृत्रिम धाग्याचे जास्त घ्या. ओलं सामान झाकणाच्या डब्यात कोंबण्याऐवजी जाळीच्या पिशवीत टांगा आणि चौथ्या दिवशी छप्पर शोधा. त्याबद्दल सातव्या टप्प्यात.

सावधान: ओल्या कपड्यांची पिशवी रात्रभर बांधून ठेवू नका. आलेला वास साध्या धुण्याने जात नाही.

## ६. कपडे धुणं, गाडी चालवता चालवता

झाकणाच्या ड्रममध्ये चार लिटर पाणी आणि एक चमचा पावडर घाला. कपडे निम्म्याहून जास्त भरू नका, हलायला जागा हवी. झाकण घट्ट लावा, ड्रम दोरीने बांधा आणि निघा. तीस-चाळीस किलोमीटरमध्ये, विशेषतः आंबा किंवा फोंडा घाटासारख्या वळणांवर, कपडे आपोआप घुसळले जातात. उतरल्यावर पिळा, तीन लिटर स्वच्छ पाण्यात एकदा खळबळा, पुन्हा पिळा.

चुका दोनच होतात. पावडर जास्त पडते, मग फेस निघता निघत नाही. किंवा दुपारी उशिरा धुतात आणि ओले कपडे घेऊन रात्र काढतात. सकाळी ड्रम भरून निघा, अकरा-बाराला थांबाल तिथे वाळत घाला.

रोज धुवायची फक्त अंतर्वस्त्रं आणि मोजे. वरचे कपडे दोन दिवस चालतात.

## ७. शौच आणि आठवड्याचं छप्पर

सकाळच्या वेळेचं नियोजन रात्रीच करा: मुक्काम पंपापासून किंवा एसटी स्टँडजवळच्या सुलभ शौचालयापासून दहा-पंधरा मिनिटांवर असावा. जाताना आपला मग, आपला साबण आणि रबरी चपला न्या. चपला परत आल्यावर गाडीबाहेरच धुवा.

अडीनडीसाठी झाकणाची बादली, आत जाड पिशवी आणि बाजूला नारळाच्या सोडणाचा भुसा ठेवा. प्रत्येक वेळी दोन-तीन मुठी भुसा टाकला की वास दबतो. लघवी त्यात करू नका, वास तिच्यामुळे येतो. लघवीसाठी वेगळी, रुंद तोंडाची बाटली. ती आणि सांडपाण्याचा कॅन दोन्ही शौचालयात रिकामी करायची, विचारून. बादलीतला मैलाही शौचालयातच, थोडा थोडा टाकून भरपूर पाणी घाला. भुसा जास्त असेल तर तो आधी वेगळा काढा, नाहीतर शौचालयाचा पाइप तुंबेल. पिशवी रस्त्याकडेला टाकायची नाही.

‘खड्डा खणून पुरू’ हा विचार कोकणच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, सोडून द्या. खाली जांभा दगड असतो, वीतभरही खणता येत नाही, आणि पहिल्या पावसात सगळं उताराच्या विहिरीत जातं.

पाळीच्या दिवसांत पॅड कागदात घट्ट गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवा आणि गावातल्या कचरापेटीतच टाका, शौचालयात नाही. कप वापरत असाल तर पाळीच्या सुरुवातीला तो पाच मिनिटं उकळून घ्या आणि हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुवा. त्या दिवसांसाठी रोजचे तीन लिटर जादा धरा आणि त्यात काटकसर करू नका.

आठवड्यातून एक रात्र छपराखाली घालवा. चादर, उशीचे अभ्रे, सगळे पंचे त्या दिवशी धुवून पंख्याखाली वाळवा. स्वस्तात सोय होते ती देवस्थानांच्या भक्तनिवासात: गणपतीपुळे, पंढरपूर, आणि विदर्भाकडे गेलात तर शेगाव, जिथली स्वच्छता बघण्यासारखी आहे. सुट्टीच्या दिवशी ती भरतात, तेव्हा मधला वार निवडा. दुसरा मार्ग घरगुती निवासाचा. खोली न घेता, "काकू, गाडी अंगणात लावू का? न्हाणीघर आणि दोरी वापरू, त्याचे काय ते पैसे घ्या," असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी होकार मिळतो. वाटेत नातेवाईक असतील तर आदल्या दिवशी कळवून जा, ओल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन अचानक दारात उभं राहू नका.

रेल्वे स्थानकातल्या प्रतीक्षागृहाचं न्हाणीघर प्रवाशांसाठी असतं. तिकीट नसताना त्यावर विसंबू नका.

## ८. त्वचेकडे लक्ष

जांघेत किंवा काखेत गोल, लालसर, कडेने वाढणारा आणि खाजणारा चट्टा दिसला तर ते बहुधा गजकर्ण असतं. दमट कपड्यांतून ते पटकन होतं आणि एकाच पंच्यावरून दुसऱ्यालाही लागतं. म्हणून पंचे प्रत्येकाचे वेगळे, कोपऱ्याला वेगळ्या रंगाचा दोरा घालून ठेवा.

सावधान: औषधाच्या दुकानातून ‘खाजेची क्रीम’ मागून लावू नका. अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग चट्टा पसरतो आणि महिनोन्‌महिने हटत नाही. वाटेतल्या तालुक्याच्या गावी डॉक्टरांना दाखवा.

घामोळ्यांना साधं पाणी, सैल सुती कपडे आणि वारा. पावडरचे थर देऊ नका. काखेच्या वासाला ओल्या तुरटीचा खडा फिरवला की दिवस निघतो, पण दाढी केलेल्या किंवा सोललेल्या जागी नको.

## ९. परतल्यावर

त्याच दिवशी, झोपण्याआधी: सगळे कॅन रिकामे करून झाकणं काढून उलटे ठेवा. फवाऱ्यातलं पाणी काढून एकदा कोरडी हवा मारा, नाहीतर नळीत शेवाळ धरतं. ड्रम आणि सांडपाण्याचा कॅन दुसऱ्या टप्प्यात सांगितलेल्या मिश्रणाने धुवा. गादी गाडीतून काढून दोन दिवस उन्हात द्या, दोन्ही बाजूंनी. पंचे उकळत्या पाण्यात भिजवून धुवा. गाडीची चारही दारं दुपारभर उघडी ठेवा, आणि बंद करण्यापूर्वी फळीखाली एकदा हात घालून पाहा.